बापूजींच्या सालची रेघ

कोसंबी आणि टेकाडी या दोन गावांच्या मध्ये एक नाला होता आणि एक फुटबॉल होता. नाला उन्हाळ्यात आटायचा, फुटबॉलचं भांडण बाराही महिने वाहायचं. मूल गावच्या बाजारात कोसंबीचा माणूस टेकाडीच्या माणसाला दिसला, की धानाचा भाव मागून, आधी हाक. "काय भाऊ, किती झाले तुमचे?"

किती झाले हे सांगायचा मान कोसंबीच्या सुगंधाबाईचा. शाळा तिची दुसरीतच सुटली, पण तिच्या मोजणीवर शंका घ्यायला गावात कोणाची जीभ रेटत नव्हती. पुसाच्या, म्हणजे पौष महिन्यात धान चुरून, मळून झालं, की भाताच्या रिकाम्या बांधीत दोन्हीकडे बांबू रोवायचे, माणसं कडेच्या बांधावर, धुऱ्यावर बसायची आणि सामना व्हायचा. कोसंबी जिंकली तर सुगंधाबाई ओसरीच्या पांढऱ्या भिंतीवर गेरूची रेघ ओढी, टेकाडी जिंकली तर काजळाची. दिवाळीला सारी भिंत नव्यानं सारवायची, ती वीतभर पट्टी मात्र सोडून. गेरूच्या सहा, काजळाच्या पाच. ज्याच्या रेघा जास्त, वर्षभर फुटबॉल त्या गावात. बरोबरी झाली, तर मागच्या साली जो जिंकला त्याच्याकडे. म्हणून फुटबॉल सुगंधाबाईच्या आढ्याला शिंक्यात लटकत असे, आणि आल्यागेल्याची मान आपोआप वर जाई. तिला ते फार आवडे.

एकोणसाठ सालच्या सामन्याला दोन दिवस उरले होते. सकाळीच टेकाडीची नीलाबाई आली. नीलाबाई म्हणजे सुगंधाबाईच्या लेकीची सासू, ईनबाई. गळ्यात घालायची नव्हे अशी एक माळ तिच्या हातात होती.

"ईनबाई, फुटबॉल उतरवून ठेवा," ती पायरीवरूनच म्हणाली. "मी न्याले आली."

"बसा तं आधी, पाणी घ्या. थंडीत आल्या, डोकं गारठलं असन. सहापेक्षा पाच लहान असते, हे टेकाडीत शिकवत नाईत काय?"

"शिकवते ना. सहा आन् सहा बरोबर असते, हे बी शिकवते. आजवर तुमच्याच मोजणीवर चाललो, परवा मणी ओळीनं ओवले तवा समजलं. मागच्या साली कोण जिंकलं, हे तं तुमच्या भिंतीलेही ठाऊक हाये."

नीलाबाईनं माळ पुढं केली. टेकाडी जिंकली त्या सालचा चिचोका, कोसंबी जिंकली त्या सालची लाल गुंज, सारं ओळीनं ओवलेलं. सुगंधाबाईनं मनातल्या मनात मोजलं. गुंजा सहा. चिचोके सहा. तिनं पुन्हा मोजलं. चिचोके काही कमी होईनात.

दुसरी कोणी असती तर तिनं ती माळ नाल्यात फेकायला सांगितली असती. पण बाईला एक खोड होती. चूक कोणाचीही असो, ती कुठं बसली आहे हे पाहिल्याशिवाय तिला भाकर गोड लागत नसे. ती उठली, भिंतीशी गेली, पहिल्या रेघेवर बोट ठेवलं.

"चला, एकेक पाहू. पहिली गेरूची. देश सुटायच्या आधीचा पूस. आमचा मुखरू बल्लारपूरच्या खाणीत कामाले होता, तिथून त्यानं फुटबॉल आणला, तवा तुमचे जवान तो डोक्यावर घेऊन पळत होते."

"गुंज," नीलाबाईनं मणी सरकवला. "खोटं कायले बोलू, पळत होते."

"दुसरी काजळाची."

"चिचोका. तुमचा गोलकीपर धुऱ्यावर बसून बोरं खाऊन राह्यला होता."

"आंबट निघाली त्याले. तिसरी गेरूची."

"गुंज. आन् आता चिचोका."

सुगंधाबाईचं बोट थांबलं. तिसऱ्या रेघेनंतर भिंतीवर बोटभर जागा कोरी होती, मग पुढची गेरूची रेघ. ती कोरी जागा तिनं मुद्दाम सोडली होती. त्या पुसात तिचे सासरे बापूजी वारले. घरात सुतक, भिंतीला हात लावायचा नाही, गेरू भिजवायचा नाही. सुतक फिटलं आणि सामन्याचं नाव कोणी काढलं नाही. गावानं बापूजींसाठी त्या साली खेळच बंद ठेवला, असं ती नऊ वर्षं अभिमानानं सांगत आली होती.

"त्या साली सामना झालाच नाई," ती म्हणाली.

"झाला. तुमचा इसरू नव्हता, सुतकात होता म्हणून. बाकी दहा जण होते."

इसरू तिचा थोरला. कोसंबीचे निम्मे गोल त्याच्या पायाचे. सुगंधाबाईनं डोळे बारीक केले. टेकाडीची बाई फुटबॉलसाठी मेलेल्या माणसाच्या दिवसांवर खोटं बोलेल? बोलली असती तर मणी घाईनं पुढं सरकवला असता. नीलाबाईची बोटं चिचोक्यावर निवांत होती.

समोरून मुखरू खांद्यावर बांबू घेऊन बांधीकडं निघाला होता. क्लब त्यानंच काढला, कप्तानही तोच.

"मुखरू, ये इकडं. बापूजीच्या साली सामना झाला होता काय?"

मुखरूनं बांबू खाली ठेवला, पुन्हा उचलला. "बाई, त्याले आता लई दिवस झाले."

"दिवस मी मोजते. तू फक्त हो का नाई सांग."

"झाला होता."

"मंग सांगितलं काऊन नाई?"

"सुतकाच्या घरी खेळाचं कसं सांगाव? मंग तुम्हीच म्हणाल्या, गावानं बापूजीसाठी सामना बंद ठेवला. तुम्हाले नाई म्हणाची कोणाची हिंमत? सारं गाव चूप राह्यलं."

सारं गाव. बाजारात तिच्या मोजणीवर जे मान डोलावत होते, ते सारे. सुगंधाबाईला वाटलं होतं, माणसं तिच्या मोजणीला मानतात. माणसं भीत होती ती तिच्या जिभेला. हे तिनं तिथंच उभ्या उभ्या गिळलं, तोंड वाकडं न करता. आता आपण नाही म्हटलं, तर फुटबॉल आढ्यालाच राहील आणि मुखरूही चूप बसेल, हेही तिला दिसलं. पण मग उरलेल्या अकरा रेघांची तरी काय किंमत?

ती आत गेली, कंदिलाच्या काचेवरचं काजळ बोटावर घेऊन आली, आणि कोऱ्या जागेत रेघ ओढली. इतर रेघांएवढीच लांब.

"मुखरू, शिंकं उतरव," ती म्हणाली. मग ओसरीवर पाय पसरून बसली. "आता सांगा, ईनबाई. नऊ वर्षं एक अख्खा सामना चुकला माझा. गोल किती झाले?"

"एकच. उन्हं कलताना."

"मारला कोणी?"

नीलाबाईनं मुखरूकडं पाहिलं. मुखरू फुटबॉल पोटाशी धरून वाशे मोजत होता.

"तसा कोणीच नाई मारला," नीलाबाई म्हणाली. "आमच्या चैतूचा नेम चुकला. फुटबॉल तुमच्या या कप्तानाच्या पायाले लागून आत गेला."

मुखरू सुतकासाठी एवढा हळवा का होता, ते सुगंधाबाईला आता कळलं. मग तिनं फुटबॉल त्याच्या हातातून घेतला, पदरानं धूळ पुसली आणि ईनबाईच्या मांडीवर ठेवला.

"न्या. टेकाडीच्या सहा जिती, कबूल. त्यातली एक आमच्या माणसानं मिळवून दिली, हे आता मूलच्या बाजारात मी सांगीन. त्या चिचोक्याले एक गुंज बांधून ठेवा."

नीलाबाईला हसू आवरेना. सुगंधाबाई मात्र मुखरूकडं वळली होती.

"अंगठा लागला होता काय रे, का टाच?"