जांभळी जोडी

“बस तर आधी. चहा घे,” दादा म्हणाला.

“चहाला नाही आलो मी. कुठंय ते?”

लिफ्टच्या कंपनीत या धाकट्या भावाला सगळे फ्यूज म्हणत, कारण तो केव्हा उडेल याचा नेम नसे. आज तर तो घरून उडूनच निघाला होता. सकाळी दादाचा फोन आला होता, “आम्ही मुलीकडे राहायला चाललोय, सामान कमी करतोय. तो आईचा मेणबत्तीचा स्टँड तुला हवा होता ना? घेऊन जा.” म्हणजे इतकी वर्षं हातापाया पडलो तेव्हा दिला नाही, आणि आता अडगळ झाली तर घेऊन जा!

आईकडे मेणबत्ती लावायची जांभळ्या काचेची दोन शमादानं होती, तिच्या आजीपासून आलेली, वीतभर उंचीची. उजेडात धरली की काचेवर हिरवे, निळे, सोनेरी रंग सरकत, साबणाच्या फुग्यावर सरकतात तसे. आई गेल्यावर दादाने वाटणी केली. दोन मुलगे, दोन शमादानं, एकेकाला एकेक. हा म्हणाला, अरे, जोडी आहे ती, फोडू नकोस, बदल्यात आईचं शिलाई मशीन घे, घड्याळ घे. दादा म्हणाला, “उगाच नंतर कुणी बोलायला नको.” असल्या न्यायाने चपलांचा जोडही वाटून घेता आला असता.

तेव्हापासून याला नाद लागला. जुन्या बाजारांत, मोडीत निघालेल्या घरांत, परगावच्या लिलावांत तो तसल्या झळाळीची शमादानं धुंडाळत हिंडला. मधाच्या रंगाची जोडी मिळाली, गर्द हिरवी मिळाली, निळी तर अशी मिळाली की बघायला लोक लांबून येत. त्या कपाटाला हात लावायची घरात कुणाची टाप नव्हती. “वीज गेली की आम्ही वाटीवर मेणबत्ती चिकटवतो, आणि या बाया बघा, नटून बसल्यात,” असं बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. वरच्या फळीवर मधोमध आईचं जांभळं होतं, एकटंच. त्याच्या शेजारची जागा त्याने कधी भरू दिली नाही.

आणि दादाने आपल्या वाटच्या शमादानात टूथब्रश खोचला होता. याने ते डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यानंतर वर्षभर भाऊ भावाशी बोलला नव्हता.

“ओरडू नका हो भावजी,” म्हणत वहिनी आतून आल्या. त्यांच्या हातात कोऱ्या नॅपकिनमध्ये गुंडाळलेलं काहीतरी होतं. “यांच्या मागे लागून लागून मीच काढून घेतलं. तुमच्याकडेच जायला हवं ते.”

त्याने नॅपकिन सोडला. शमादान स्वच्छ होतं, नव्या बाटलीसारखं आरपार. त्याने ते खिडकीशी नेलं, उन्हात फिरवलं, पुन्हा फिरवलं. काच जांभळी होती. नुसतीच जांभळी.

“काय केलंत हे?”

“न्हाणीघरात राहून कसलं तेलकट झालं होतं! पाण्यावर रॉकेल सांडल्यासारखे हिरवे-निळे डाग. तसंच कसं देणार तुम्हाला? घासून घासून निघेनात मेले. मग...”

“ते डाग नव्हते!” त्याचा आवाज जिन्यापर्यंत गेला. “त्यासाठीच तर... अक्कल गहाण टाकली होती का तुम्ही? कशाने घासलंत? कशाने?”

वहिनींचा चेहरा पडला. “ते लिफ्टचं औषध. गंज काढायचं. तुम्हीच नाही का आणून दिलं होतं नळांसाठी?” मग हळूच म्हणाल्या, “मला वाटलं, आईंची आठवण म्हणून हवंय तुम्हाला.”

तो दादावर उलटला. “आणि तू? तू नुसता बघत बसलास?”

“मला काय ठाऊक?” दादा म्हणाला. “मी ते कधी नीट पाहिलंच नाही.”

ते खरंच होतं, आणि त्याचाच त्याला सगळ्यांत जास्त संताप आला. इतकी वर्षं घरात ठेवून घेतलं, भावाला तरसवलं, आणि साधं पाहिलंही नाही! आता जिभेवर आलेलं सगळं तो दादाला ऐकवणारच होता. तेवढ्यात वहिनींनी खाली पडलेला नॅपकिन उचलायला हात पुढे केला. बोटांची टोकं पांढरी पडून सोलवटली होती. हातमोजे घालायचे असतात, हे बाटली देताना त्याने सांगितलंच नव्हतं.

राग तसूभर कमी झाला नाही. फक्त तो कुणावर काढायचा, ते त्याला कळेना. शमादान गुंडाळून तो चहा न घेताच निघाला.

घरी बायकोने एकदा शमादानाकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. त्याने ते राखून ठेवलेल्या जागी नेऊन ठेवलं. तेवढ्यात फोन वाजला.

“भावजी, ते रंगच हवे होते तुम्हाला, आता कळलं मला,” वहिनी म्हणाल्या. “चुकलं हो माझं. आता टाकून द्याल का ते?”

“टाकायला काय धाड भरलीय त्याला?” तो खेकसला. “शेजारी ठेवलंय. जोडी आहे ती.”

“शोभतंय?”

“शोभतंय. आणि बोटं दाखवा डॉक्टरला, आत्ताच्या आत्ता. त्या दादाला सांगा, निदान तुमच्या बोटांकडे तरी नीट बघ म्हणावं.” त्याने फोन आदळला.

बायको कपाटाचं दार लावू लागली.

“राहू दे उघडं,” तो म्हणाला. आवाज अजून चढलेलाच होता.

ऊन वरच्या फळीपर्यंत आलं होतं. एका शमादानावर हिरवे, निळे, सोनेरी रंग सरकत होते. दुसरं त्याला खेटून उभं होतं, नुसतं जांभळं, कुणीतरी जीव तोडून घासलेलं.