ब्याऐंशी किलोची गादी

मी हवेच्या गाद्या भाड्याने देणाऱ्या दुकानात कामाला आहे. गादी घरी नेऊन लावायची, पंप पलंगाच्या पायथ्याशी अडकवायचा, घरच्यांना समजावून सांगायचं आणि काम झालं की परत आणायची. काम झालं म्हणजे पेशंट बरा झाला, असं फार कमी वेळा असतं. एकवीस वर्षं हेच करतोय आणि लोकांच्या शहाणपणाचा मला वीट आला आहे. कुणी आवाज नको म्हणून पंपच बंद करून ठेवतं. कुणी पाठीला मऊ लागावं म्हणून वर जाडजूड रजई अंथरतं, म्हणजे गादी आणली काय नि न आणली काय, सारखंच. एका जावईबुवांनी तर चादर सरकू नये म्हणून हवेच्या गादीला सेफ्टी पिना टोचल्या होत्या. अशांना मी फाडफाड बोलतो. मालक म्हणतो, तुझ्या जिभेला हाडच नाही.

मुकादमांच्या घरी मात्र मी गप्प बसलो. नेमकं तिथेच बोलायला हवं होतं.

त्यांना सगळे मुकादमच म्हणत. कपाटं, तिजोऱ्या, पियानो एका घरातून दुसऱ्या घरात हलवणारी माणसं त्यांच्या हाताखाली होती. जिन्याच्या वळणावर जड बाजू मुकादम स्वतःच्या खांद्यावर घेत. मग मणक्यात गाठ निघाली आणि कमरेखालचं अंग गेलं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ते पाच महिने अंथरुणाला खिळलेले होते. घरात दुसरं कुणी नव्हतं, फक्त त्यांची बायको. माझ्या खांद्यालाही न लागणारी, चणीने बारीक.

"यातली चांगली कुठली, भाऊ?" तिने विचारलं.

मी नेहमीची टकळी सुरू केली. "हे बघा वहिनी, फोमची गादी ज्याला स्वतःला कूस बदलता येते त्याला. पाण्याची जड, शिवाय गार पडते. फुग्यांची स्वस्त, पण लवकर फुटते. तुम्हाला ही नळ्यांची लागेल. हिच्यात एक सोडून एक नळी भरते, दहा मिनिटांनी ती रिकामी होऊन दुसरी भरते. एकाच जागी भार राहत नाही, म्हणून जखम होत नाही."

"हीच लावा," ती म्हणाली.

पंपावर एक गोल बटण असतं आणि त्याच्याभोवती किलोचे आकडे. पेशंटचं वजन जेवढं, तेवढ्यावर बटण आणायचं. आकडा कमी ठेवला तर माणूस तळाला टेकतो, जास्त ठेवला तर गादी दगड होते.

"वजन किती यांचं?"

"ब्याऐंशी," ती पटकन म्हणाली. "ऐंशीच्या खाली कधी गेलेच नाहीत."

मुकादम छताकडे बघत होते. ते जरासे हसले. मी त्यांच्याकडे पाहिलं. हनुवटीपर्यंत चादर होती आणि गालफडं पार बसलेली होती. मला शंका आली, खोटं कशाला सांगू? पण बाईचा चेहरा असा काही झाला होता की मला दुसऱ्यांदा विचारवेना. बटण ऐंशीवर आणलं. गादी फुगली की पेशंटच्या माकडहाडाखाली हात घालून ती पुरेशी दबते का, हे चाचपायचा आमचा नियम आहे. तेही मी केलं नाही. चादर उचलावी लागली असती.

पाच आठवड्यांनी ड्रेसिंगला जाणाऱ्या सिस्टरचा दुकानात फोन आला. "कसली गादी दिलीत हो तुम्ही? माकडहाडावर एवढी जखम झालीय, आत हाड दिसतंय."

मी तणतणत गेलो. सिस्टर तिथेच थांबली होती. रजई सापडेल, पिना सापडतील, म्हटलं यांची चांगली हजेरी घेतो. पण पंप चालू होता. एकच पातळ चादर होती, एक सुरकुती नाही. शोधून चूक सापडेना. तेव्हा कुठे मी हात घातला. नळ्या लाकडासारख्या ताठ होत्या.

"वहिनी, वजन नक्की किती?"

"सांगितलं ना तुम्हाला," ती म्हणाली. आवाज मात्र पार खाली गेला होता.

कपाटाखाली वजनकाटा दिसला. मी म्हटलं, "मी यांना उचलून काट्यावर उभा राहतो. माझं वजन वजा केलं की झालं."

ती मध्ये आली. "नको ना, भाऊ. त्यांच्यासमोर नको."

"करू दे गं त्यांना," मुकादम म्हणाले.

मी पाय रोवले, कंबर सावरली आणि मोठ्या माणसाला उचलायला लागतो तेवढा जोर लावला. मागच्या मागे पडता पडता वाचलो. काट्यावर उभा राहिलो तसा सिस्टरने वाकून आकडा वाचला, "एकशे अठरा."

"तुमचं किती?" मुकादमांनी माझ्या हातांवरूनच विचारलं.

"एकाहत्तर."

"म्हणजे सत्तेचाळीस."

त्यांची बायको तोंडात पदर कोंबून रडायला लागली. "तुम्हाला कळू नये म्हणून हो..."

"अगं, दर दोन तासांनी तू मला एकटी कुशीवर वळवतेस," ते म्हणाले. "ब्याऐंशी किलोचा असतो तर तुझ्याच्याने हललो असतो का?"

"मग बोलला का नाहीत?"

"मला कळलेलं नाही, असं तुला वाटत होतं. तेवढंच तुला बरं होतं."

मी त्यांना खाली ठेवलं आणि बटण पंचेचाळीसवर आणलं. कुणाशी भांडावं तेच मला कळेना. घरी गेलो आणि बायकोवर विनाकारण ओरडलो.

जखम भरली नाही. तिचं विष रक्तात गेलं आणि एकोणीस दिवसांनी मुकादम गेले.

गादी आणायला मीच गेलो. दुसऱ्या कुणाला पाठवता आलं असतं, पण मला ते बरं वाटलं नाही. मी पंप बंद केला, हवा काढली. वहिनींनी न सांगता गादीचं दुसरं टोक धरलं. आम्ही ती गुंडाळत मधोमध आलो, तेव्हा तिने विचारलं, "पहिल्या दिवशी खरं वजन सांगितलं असतं, तर ही जखम झाली असती का?"

असल्या प्रश्नाला देतात ते उत्तर मला पाठ आहे. आजारच तसा होता म्हणायचं, आपल्या हातात काय असतं म्हणायचं. पण मला तिच्याशी खोटं बोलवेना.

"बहुतेक नसती झाली," मी म्हणालो. "पण बटण मी फिरवलं होतं, वहिनी. चादर उचलून बघायचं काम माझं होतं. मी पाहिलंच नाही."

"तुम्ही पाहिलं नाहीत, भाऊ," ती म्हणाली. "मी तर रोज पाहत होते."