आजोबा अंघोळीला गेले ते गेलेच

निर्माती होण्याआधी ताईची मालिकांच्या धंद्यातली जवळजवळ सगळी कामं करून झाली होती. पहिलं काम गर्दी जमवायचं. एका लढाईसाठी सैन्य हवं होतं, म्हणून तिने मुलांच्या वसतिगृहाचा अख्खा मजला उचलून आणला. मुलांनी लढाई इतकी मनावर घेतली की शत्रूपक्षातले दोघे खरोखरच पळून गेले. त्यानंतर तिने कपडेपट सांभाळला. मग प्रॉडक्शन बघितलं, म्हणजे ऊन का पडत नाहीये याचं उत्तर दिग्दर्शकाला देण्याचं काम. असं करत करत, केस पिकायला लागल्यावर, तिची स्वतःची पहिली मालिका उभी राहिली. एका मोठ्या कुटुंबाची गोष्ट, रोज संध्याकाळी.

सेटवर सगळेच तिला ताई म्हणत, तिच्यापेक्षा वयाने मोठे असलेलेही. एकदा फोनवर तिचा नवराही चुकून ताई म्हणून गेला. दोघांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

तर अशी ही मालिका बंद पडायच्या बेतात होती.

चॅनेलच्या साहेबांचा फोन आला तेव्हा सेटवर ठोकाठोकी चालली होती, म्हणून ताई घराच्या मागच्या बाजूला, बाथरूमच्या दाराशी जाऊन उभी राहिली. साहेब म्हणजे तिच्या भाच्याच्या वयाचा मुलगा होता.

"ताई, स्पष्टच बोलतो. लोकांना तुमचं घर घर वाटत नाही."

"मग काय वाटतं?"

"बसस्टॉप. माणसं येतात, उभ्याउभ्या बोलतात, जातात. कुणाला कुणाचं काही पडलेलं नाही. या आठवड्याचे भाग बघतो आणि मग सांगतो. पण मनाची तयारी ठेवा."

मनाची तयारी करायला ताई दाराला टेकली. ते दार सहसा कुणी उघडत नसे. आता ते आपोआप उघडलं आणि ताई आत गेली.

आत बाथरूम नव्हतं. प्लायवूडची उलटी बाजू होती, एक टेबलफॅन होता आणि स्टुलावर मालिकेतले आजोबा बसले होते. पूर्ण मेकअप, खांद्यावर टॉवेल, मांडीवर साबणाची डबी. ते शब्दकोडं सोडवत होते.

"सीन लागला का?" त्यांनी विचारलं.

"आजोबा, तुम्ही इथे काय करताय?"

"अंघोळ," आजोबा म्हणाले.

"कधीपासून?"

आजोबांनी आठवून पाहिलं. "आत आलो तेव्हा स्वेटर घालायचे दिवस होते."

फॅन फुल स्पीडवर होता.

झालं होतं ते असं. थंडीतल्या एका भागात आजोबा 'पाच मिनिटांत आलो' म्हणून अंघोळीला गेले. त्याच आठवड्यात जुना लेखक दुसऱ्या मालिकेत गेला आणि नवा आला. नव्या लेखकाने धंद्याच्या रीतीप्रमाणे फक्त मागच्या आठवड्याचा गोषवारा वाचला. अख्खी मालिका कुणीच वाचलेली नसते, ती लिहिणाऱ्यांनीही नाही. गोषवाऱ्यात होतं, 'आजोबा अंघोळीला.' त्यात काही बदल झाला नाही, म्हणून ते वाक्य पुढच्या आठवड्यात गेलं, तिथून त्याच्या पुढच्या. त्या वाक्याच्या भरवशावर आजोबांना रोज बोलावणं जाई, त्यांचा मेकअप होई, टॉवेल मिळे, आणि त्यांना प्लायवूडच्या मागून आणून दारामागे बसवलं जाई. चुकून कुणी दार उघडलंच तर आत माणूस हवा.

"अहो, मग कुणाला बोलायचं नाही का?"

"मला वाटलं, काहीतरी मोठं शिजतंय. उगाच आपण मध्ये तोंड घालून कशाला बिघडवायचं? शिवाय याआधीच्या मालिकेत मी कोमात होतो. त्यापेक्षा इथे हवा आहे."

ताईने दिग्दर्शक आणि लेखक दोघांना मेकअपच्या खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं. दिग्दर्शक आधी हसला, मग त्याला आठवलं की दिग्दर्शक आपणच आहोत.

"सरळ झोपेत गेले म्हणून दाखवू," तो म्हणाला. "सुतकात एक आठवडा निघेल."

"अंघोळीत झोपेत?" ताईने विचारलं.

"किंवा ते परदेशी गेले होते," लेखक म्हणाला. "मुलाकडे."

"बाथरूममधून?"

"प्रेक्षक एवढं लक्षात ठेवत नाहीत, ताई."

"तू ठेवलं नाहीस. प्रेक्षकांवर कशाला ढकलतोस?"

लेखकाने पेन उघडून पुन्हा बंद केलं.

ताई बाहेर व्हरांड्यात आली आणि तिने आईला फोन लावला. मायलेकींमध्ये न बोलता एक ठरलेलं होतं. ताईच्या मालिकेच्या वेळेला आई दुसऱ्या चॅनेलवरची मालिका बघायची आणि ताई त्याचं वाईट वाटून घ्यायची नाही.

"आई, आमच्या मालिकेतले आजोबा आहेत ना…"

"बाथरूममध्ये आहेत," आई म्हणाली.

"तू बघतेस?" ताईने विचारलं.

"तिकडे जाहिराती लागल्या की बघते. जाहिराती फार असतात त्यांच्यात."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तू काहीतरी योजून ठेवलंयस. शेजारीण म्हणते, म्हातारा पाय घसरून पडला असेल. मी म्हटलं, माझी मुलगी पडू द्यायची नाही. आम्ही दोघी रोज बघतो, आज येतात का." मग तिनेच विचारलं, "येणार आहेत ना गं?"

ताईने फोन ठेवला तो डोळे पुसूनच. तशीच ती मेकअपच्या खोलीत परतली.

"आजोबा बाहेर येणार. दारातून. आज."

"लोक हसतील," लेखक म्हणाला.

"हसू देत. हल्ली ते बघतसुद्धा नाहीत."

"आणि चॅनेलने याच चुकीसाठी मालिका बंद केली तर?"

"तर निदान घरातला माणूस घरात बसलेला असेल."

लेखकाने तासाभरात आजोबांसाठी चार पानांचं भाषण लिहून आणलं. त्यात संस्कार होते, काळ होता, विभक्त कुटुंबपद्धती होती. ताईने चारही पानं घडी करून पर्समध्ये टाकली.

"नुसते येऊ देत त्यांना," ती म्हणाली.

दृश्य जेवणाच्या टेबलाचं होतं. घरातले सगळे नेहमीसारखे एकमेकांकडे रोखून बघत जेवत होते. बाथरूमचं दार उघडलं. आजोबा आले, टॉवेल खांद्यावर, आणि टेबलापाशी उभे राहिले. टेबलाला त्यांच्यासाठी खुर्चीच नव्हती. कलाखात्याने ती कधीच काढून टाकली होती आणि हे तोवर कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

थोरल्या सुनेचं काम करणारी नटी संहितेत नसताना उठली आणि तिने स्वतःची खुर्ची मागे सरकवली. आजोबा बसले. धाकट्या नातवाला काहीतरी बोलायला हवं होतं, म्हणून तो बोलला.

"पाणी गरम होतं का, आजोबा?"

"सुरुवातीला होतं," आजोबा म्हणाले.

कुणी हसलं, कोण ते कळलं नाही. मग थोरल्या सुनेने त्यांना वाढायला घेतलं आणि वाढता वाढता तिचा हात थांबला, कारण त्यांना काय आवडतं ते तिला आठवेना. तिने ते तसंच विचारलं. आजोबांनी सांगितलं. मग दुसऱ्याने काहीतरी विचारलं, मग तिसऱ्याने, आणि त्या टेबलावर पहिल्यांदाच बसून बोलणं सुरू झालं. दिग्दर्शक 'कट' म्हणायचं विसरला. आठवण करून द्यायला ताई होती, पण ती काही बोलली नाही.

तो भाग दाखवला गेल्यानंतर दुसऱ्या दिवशी दुपारी साहेबांचा फोन आला.

"ताई, हे काय केलंत?"

"चूक झाली होती. ती दाखवली."

"माझी आजी काल माझ्याशी बोलली नाही. म्हणाली, आधी माझ्या खोलीत येऊन बस." साहेब खाकरले. "गेलो. बसलो. बरं, ते जाऊ दे. अजून सहा महिने चालवू. पण दर महिन्याला एक माणूस असा आत पाठवता येईल का?"

"नाही," ताई म्हणाली. "आता कुणी आत जाणार नाही."

"बघा, चालला होता फॉर्म्युला."

"नाही म्हणजे नाही, साहेब."

"ठीक आहे," साहेब म्हणाले. "तुमचं घर."

ताई सेटवर आली. मालिका बंद होणार ही बातमी तिच्याआधी पोचली होती आणि लोक सेट उतरवायच्या कामालाही लागले होते. हातात पाना घेऊन उभ्या असलेल्या सुताराला तिने सांगितलं की सोमवारी शूटिंग आहे.

"स्वयंपाकघराच्या भिंती सकाळीच गेल्या, ताई," सुतार म्हणाला. "टेम्पोने. जेवणाची खोलीही गेली."

"राहिलंय काय?"

"अंगण. आणि टेबल, ते जड होतं म्हणून."

ताईने लेखकाला हाक मारली. "सोमवारी सगळे अंगणात जेवणार."

"का पण?" लेखकाने विचारलं. "कारण काय दाखवू?"

"त्यांना एकत्र बसायची हौस आली म्हणून," ताई म्हणाली आणि टेबलाचं एक टोक तिने धरलं. दुसरं लेखकाने धरलं.