त्रेचाळीस कलमं आणि एक उड्डाण

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दाक्षायणी चनबसप्पाच्या किराणा दुकानातून पाव लिटर एरंडेल घ्यायची, आणि गेले आठ महिने सगळी गल्ली तिच्या पोटाची काळजी करत होती.

तिला ते ठाऊक होतं. बाटली भरताना चनबसप्पाचा आवाज खाली यायचा. "अक्का, पपई खावा की. सकाळी उठल्याबरोबर." दाक्षायणी मान डोलवायची, बाटली पिशवीत ठेवायची आणि पिशवीचं तोंड मुठीत घट्ट धरून घरी यायची. ती कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची. वय चौतीस, आवाज हळू, फळ्यावरचं अक्षर छापल्यासारखं. 'हे तेल इंजिनासाठी आहे' हे चार शब्दांचं वाक्य बोलणं तिला अवघड नव्हतं. पण त्यामागून 'कसलं इंजिन?' आलं असतं, मग 'विमान? कुणाचं विमान?' आणि शेवटी 'ते तुमी उडवणार?' या शेवटच्या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नव्हतं. त्या मानाने बद्धकोष्ठ बरं होतं.

विमान घरच्या माळ्यावर होतं. पंखांची लांबी दीड मीटर, वजन एक किलो दोनशे चाळीस ग्रॅम. सांगाडा कलकत्त्याहून मागवलेल्या हलक्या लाकडाचा आणि त्यावर संक्रांतीनंतर उरलेला पतंगाचा पिवळा कागद. नाकाशी चिमुकलं इंजिन. त्याचं खाणं एक भाग ईथर, एक भाग रॉकेल आणि एक भाग एरंडेल. रॉकेल रेशनचं असल्यामुळे तिच्या आईचा, गंगम्माचा, विमानाशी उभा दावा होता. "आमी चूल पेटवायची का तुझी माशी उडवायची?" असं ती महिन्यातून एकदा विचारायची आणि तरीही वाटीभर काढून द्यायची.

पण सगळ्यात मोलाची वस्तू या घरची नव्हतीच. जमिनीवरून विमान चालवायचा रेडिओ संच, म्हणजे दोन काड्यांची एक पेटी हातात धरायची आणि काडेपेट्यांएवढे तीन-चार डबे विमानाच्या पोटात बसवायचे, असा तो प्रकार. तो होता सिद्धाप्पाच्या मित्राचा. सिद्धाप्पा दाक्षायणीचा मामेभाऊ, तिच्याहून सहा वर्षांनी लहान, बंगळूरला विमानाच्या कारखान्यात कामाला. मित्राने संच जर्मनीहून आणला होता, आठ महिने वापरायला दिला होता, आणि आता तो पुन्हा परदेशी निघाला होता. सिद्धाप्पा शुक्रवारी सोलापुरात उतरला तो संच न्यायलाच. रविवारी संध्याकाळच्या गाडीने तो जाणार होता. विमान रविवारी सकाळी उडालं तर उडालं. नाहीतर तसला संच पुन्हा हाती लागण्याची काही सोय नव्हती, आणि ते पिवळं विमान जन्मभर माळ्यावर धूळ खात बसलं असतं.

मग आठ महिने तिने केलं काय? तयारी. उड्डाणापूर्वी तपासायच्या गोष्टींची तिने एक यादी केली होती. पहिल्या मसुद्यात एकोणीस कलमं होती. एकोणीसच्या एकोणीस कलमांवर बरोबरची खूण झाली त्या दिवशी तिला विसावं सुचलं. तिसावं सुचलं तेव्हा वारा ताशी आठ किलोमीटर होता, म्हणजे जास्त. पस्तिसाव्याच्या वेळी सहामाही परीक्षा आली. आता त्रेचाळीस कलमं झाली होती, आणि स्वतःशी खरं बोलायची वेळ आलीच तर दाक्षायणी मान्य करायची की यातली चोवीस कलमं विमानाच्या सुरक्षिततेसाठी नसून विमान जमिनीवर ठेवण्यासाठी होती. विद्यार्थ्याने असं केलं असतं तर तिने त्याच्या वहीवर तांबड्या शाईने 'टाळाटाळ' लिहिलं असतं.

शनिवारी जेवताना सिद्धाप्पा म्हणाला, "अक्का, तू बांधलंस, मी उडवतो. मला सवय आहे."

"बघू," दाक्षायणी म्हणाली.

'नको, मीच उडवणार' हे तिला म्हणायचं होतं. रात्री तिने त्याची तीन सभ्य रूपं मनाशी जुळवली. दोन कारणांसकट होती, एक नुसतंच गोड होतं.

रविवारी सकाळी सातला लॅम्ब्रेटावरून दोघं निघाली. सिद्धाप्पा पुढे, मागे मांडीवर पंख आडवा धरून दाक्षायणी. पंखाची दोन्ही टोकं स्कूटरच्या बाहेर. समोरून एसटी आली की ती पंख उभा करायची, आणि उभा केला की वारा तिलाच मागे ढकलायचा. पुणे रस्त्याला बाळे गावाच्या पुढे गेल्यावर मोकळा माळ लागला. एका अंगाला शाळू उभा होता, दुसऱ्या अंगाला नुसते खडे आणि कुसळं. वारा जवळजवळ नव्हताच. म्हणजे वाऱ्याचं कारण गेलं.

माळावर एक बाई शेळ्या चारत होती. नाव केराबाई, हे तिने न विचारताच सांगितलं, आणि हातातली काठी जमिनीत रोवून ती बघायला उभी राहिली.

"काय हाय हे?"

"विमान," सिद्धाप्पा म्हणाला.

"येवढंसं? आन् बसायचं कुटं?"

दाक्षायणीने यादी काढली. पंख रबरी पट्ट्यांनी घट्ट. शेपूट सरळ. तोल बरोबर. पेटी घेऊन तीस पावलं लांब जाऊनही सुकाणू ऐकतंय. एकेका कलमावर खूण होत गेली आणि एकेका खुणेबरोबर एकेक कारण संपत गेलं. एकतिसावं कलम होतं 'इंधन ताजं व स्वच्छ'. तेल नेहमीच्या दुकानातलं, गेल्याच रविवारी घेतलेलं, मिश्रण काल केलेलं. तिने न बघता खूण केली. त्रेचाळीस कलमांत न बघता केलेली तेवढी एकच.

बेचाळिसावं झालं. त्रेचाळिसावं होतं 'इंजिन सुरू'.

पंख्याला बोटाने झटका द्यायचा, की इंजिन सुरू होतं. घरच्या परसात ते तिसऱ्या-चौथ्या झटक्याला सुरू व्हायचं. दाक्षायणीने वीस झटके दिले. सिद्धाप्पाने चाळीस दिले. एकदा इंजिन खोकलं, पंखा उलटा फिरून त्याच्या बोटावर बसला आणि पुन्हा गप्प.

"उडतंय का न्हाय?" केराबाईने विचारलं.

"उडेल, मावशी," सिद्धाप्पा म्हणाला.

"माझ्या शेळ्या तर घाबरंनात बी. इमान म्हनं."

दाक्षायणी खडकावर फडकं पसरून बसली आणि इंधनाची बारीक सुई खोलली. सुईच्या टोकाशी, केसाएवढ्या भोकात, तपकिरी रंगाची पूड अडकली होती. तिने ती नखावर घेतली. ईथरचा वास उडून जाईपर्यंत थांबली आणि मग हुंगली.

सुंठ.

तिने पुन्हा हुंगली. सुंठच. आणि मागे कुठेतरी ओवा.

"सिद्धू," ती म्हणाली, "चनबसप्पाच्या दुकानात जा. एरंडेलाचा सीलबंद डबा आण. बाटलीतलं नको. त्याने काहीही सांगितलं तरी बाटलीतलं नको."

ईथर आणि रॉकेल वेगवेगळ्या बाटल्यांत सोबत होतंच. ते बेचाळिसाव्या कलमात होतं. सिद्धाप्पा गेला. दाक्षायणी ब्रशचा एक केस उपटून सुईचं भोक साफ करत राहिली. केराबाई जवळ येऊन उकिडवी बसली.

"कुनी केलं म्हनायचं हे?"

"मी."

"समदं?"

"समदं."

केराबाईने पिवळ्या कागदावर हलकेच बोट टेकवलं. "मग त्यो भाऊ कशाला उडिवनार?"

"त्याला सवय आहे. त्याने बंगळूरला मित्राचं विमान दोनदा उडवलंय."

"मग?"

"दोन्ही वेळा पडलं."

केराबाईने मान वर करून तिच्याकडे बघितलं. तिचं तसं बघणं दाक्षायणीला चांगलंच परिचयाचं होतं. प्रयोगाच्या तोंडी परीक्षेत एखाद्या मुलाने खुशाल चुकीचं उत्तर दिलं की ती स्वतः असंच बघायची.

पाऊण तासाने लॅम्ब्रेटा आली. मागे चनबसप्पा बसला होता. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, धोतराचा सोगा वर खोचलेला, आणि मांडीवर सीलबंद डबा लेकरासारखा धरलेला. दुकान बंद करून आला होता.

"अक्का, चुकलं माझं," तो उतरता उतरताच म्हणाला. "आठ महिने झाले, गुण येईना. मला वाटलं, अक्काचं दुखणं जुनं झालं. मग ह्या बारीला म्या सुंठ, ओवा, बडीशेप घातली. आमच्या आईचं औषध हाय ते. लई गुणकारी."

"अहो, ते इंजिनासाठी होतं."

"मला काय ठावं? मी पपई खावा म्हणलो, तवा तुमी मान डोलवत होता की!"

दाक्षायणीचे कान तापले.

"आन् ती आपल्या गल्लीतली निंगव्वा मावशी," चनबसप्पा पुढे म्हणाला, "तुमच्यासाठी चार सोमवार धरून बसलीया. उपाशी. आता तिला काय सांगू?"

सिद्धाप्पा स्कूटरच्या पलीकडे तोंड करून उभा होता. त्याचे खांदे हलत होते.

मिलिग्रॅमपर्यंत वजनं करणाऱ्या, दशांश चिन्ह चुकलं तर अर्धा गुण कापणाऱ्या बाईच्या पोटासाठी एक म्हातारी चार सोमवार उपाशी राहिली होती, आणि तेही दाक्षायणीला चार शब्द जड झाले म्हणून. तिला हसू आलं. आधी नाकातून, मग चांगलं मोठ्याने. चनबसप्पा घाबरून मागे सरकला. आठ महिन्यांत त्याने तिला हसताना पाहिलं नव्हतं. अर्थात पोट बिघडलेलं माणूस हसेल कसं, असंच त्याला वाटत आलं असणार.

नवं मिश्रण झालं. टाकी भरली. दुसऱ्या झटक्याला इंजिन किंचाळत सुरू झालं, निळसर धूर निघाला आणि केराबाईच्या शेळ्या चारी दिशांना पांगल्या. "आता घाबरल्या!" केराबाई ओरडली. तिच्या आवाजात तक्रार कमी होती.

सिद्धाप्पाने पेटी गळ्यात अडकवली. सहजपणे, जणू ठरलेलंच होतं. "अक्का, तू विमान धर, मी सांगितलं की सोड."

तीन सभ्य वाक्यं होती. दाक्षायणीला तिन्ही आठवत होती. इंजिनाच्या आवाजात तिने त्याच्या गळ्यातला पट्टा वर उचलला, त्याच्या डोक्यावरून काढला आणि आपल्या गळ्यात घातला.

"विमान तू धर," ती म्हणाली. "दोनदा पाडलंयस."

"अगं, पण वळताना डावं-उजवं उलटं होतं! समोरून येताना..."

"माहिती आहे!"

माहिती होतंच. याच विषयावर तिने वहीत दोन पानं आकृत्या काढल्या होत्या. सिद्धाप्पाने विमान सोडलं. ते खड्यांवरून उड्या मारत, लंगडत, मग न लंगडत गेलं, आणि एका क्षणी त्याच्या आणि जमिनीच्या मधे उजेड दिसला. पिवळा कागद उन्हात पेटल्यासारखा दिसत होता. तिने डावीकडे काडी ढकलली, विमान डावीकडे वळलं. मोठा गोल घेतला. मग ते तोंड फिरवून सरळ तिच्याकडे यायला लागलं आणि वहीतल्या दोन्ही पानांवरच्या आकृत्या एकदम पुसल्या गेल्या.

तिने उजवं केलं, ते डावीकडे गेलं. तिने आणखी उजवं केलं, ते आणखी डावीकडे, थेट शेळ्यांवर.

"अगं बया, माझी पाट!" केराबाई शेळीच्या पिलाकडे काठी उगारून धावली.

"वर! अक्का, वर!" सिद्धाप्पा ओरडला.

दाक्षायणीने काडी पोटाकडे ओढली. विमान केराबाईच्या काठीवरून हातभर उंचीने गेलं आणि आभाळात चढत राहिलं. दाक्षायणी काहीतरी ओरडत होती. काय, ते तिला नंतरही आठवलं नाही. चनबसप्पाच्या म्हणण्याप्रमाणे कन्नडमध्ये होतं आणि बायकांनी बोलू नये असं होतं. तिने आणखी एक गोल घेतला. यावेळी स्वतःच विमानाकडे पाठ करून, मान मुरगळून बघत घेतला, म्हणजे डावं ते डावंच राहिलं. हा उपाय वहीत कुठेच नव्हता. आणखी एक गोल. मग इंधन संपलं, आवाज थांबला, आणि विमान मुकाट्याने तरंगत खाली येऊ लागलं. माळावर उतरवायचं होतं, ते शाळवात गेलं. कणसं हलली आणि पिवळं काही दिसेनासं झालं.

चौघं शाळवात शिरली. विमान ताटांवर उताणं पडलं होतं. डावा पंख मधोमध मोडला होता, पोटातले डबे शाबूत होते. सिद्धाप्पाने ते तिथेच एकेक करून सोडवले आणि रुमालात बांधले. दाक्षायणीचे हात अजून पेटीवरच होते. तिला ते सोडवता येईनात, म्हणून त्यानेच पट्टा काढला.

"किती वेळ उडालं?" तिने विचारलं.

सिद्धाप्पाने मनगटाकडे पाहिलं. उड्डाण सुरू होताना घड्याळ बघायचं कुणालाच सुचलं नव्हतं. दाक्षायणीच्या कनवटीला स्टॉपवॉच होतं, कॉलेजातून सही करून आणलेलं. ते शून्यावर उभं होतं.

"दोन-अडीच मिनिटं," सिद्धाप्पा म्हणाला.

"काय सांगता! धा मिंटं तरी," चनबसप्पा म्हणाला. "माझी मान दुखाय लागली की."

"मावशी, तुम्हाला काय वाटतं?" दाक्षायणीने केराबाईला विचारलं.

केराबाई आपली पाट, ते शेळीचं पिल्लू, काखेत धरून उभी होती. तिने शाळवाकडे पाहिलं, मग वर, जिथे आता एक घार फिरत होती.

"लई येळ," ती म्हणाली.

एकक नाही, त्रुटीची मर्यादा नाही, मोजमापाची पद्धत नाही. दाक्षायणीने यादीत खोचलेली पेन्सिल काढली, थोडा विचार केला आणि मोडक्या पंखाच्या पिवळ्या कागदावर ते तसंच लिहिलं. मग सगळ्यांच्या पुढे होऊन, पंखाचे दोन तुकडे दोन हातांत धरून, ती शाळवातून बाहेर निघाली. कुसळांनी तिचं लुगडं भरलं होतं आणि तिच्या ते ध्यानातही नव्हतं.