जिवल्याला करंट लागत नाही

मित्रांनो, मी मेगर आहे. तुमच्या घरी मी नसतो, त्यामुळे तुम्ही मला ओळखलं नाहीत तर मी रागावणार नाही. मोटारीच्या पोटात तांब्याच्या तारा गुंडाळलेल्या असतात. त्या तारांमधली वीज बाहेरच्या लोखंडात उतरते की नाही, हे शोधणं माझं काम. उतरत असेल, तर त्या मोटारीला हात लावणारा माणूस मरू शकतो. म्हणजे माझं काम काही हलकंसलकं नव्हतं.

माझी घडण मजबूत होती, हे मीच सांगतो, कारण आता दुसरं कुणी सांगणार नाही. बेकलाइट नावाच्या काळ्या, कडक प्लास्टिकची पेटी, आत पितळी दातेरी चाकं आणि जाड लोहचुंबक, बाजूला दुमडता येणारा दांडा. दांडा गरागरा फिरवला की माझ्या पोटातच वीज तयार होई, चांगली पाचशे व्होल्ट. बाहेर दोन वायरी, एक लाल आणि एक काळी, त्यांच्या टोकांना चिमटे. काचेखाली काटा. काटा शून्यावर पडला तर मोटार वाईट. आडव्या पडलेल्या आठच्या आकड्यासारखी एक खूण असते, तिला अनंत म्हणतात. काटा तिथे गेला तर मोटार चांगली.

ऐंशी सालच्या सुमारास मी बोईसरला, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रंगाच्या कारखान्यात आलो. तिथला आनंदा वायरमन मला हातात घेतला की आधी माझे दोन्ही चिमटे एकमेकांना लावून बघायचा. चिमटे भिडले की वीज आरपार जाते, म्हणून तेव्हा काटा शून्यावर यायलाच हवा; आला तरच पुढचं काम. "आदी याची परीक्षा, मंग मोटारीची," असं तो म्हणायचा. पण खरं सांगणाऱ्याचं कौतुक कुणाला असतं? मी एखादी मोटार वाईट ठरवली की काम थांबायचं आणि मॅनेजर मलाच शिव्या द्यायचा. पुढे आनंदा नोकरी सोडून केळव्याला आपल्या वाडीत गेला आणि मी त्याच्या जागी आलेल्या दादूच्या हाती पडलो.

दादूने माझा वेगळाच उपयोग शोधून काढला. नवा माणूस कामावर आला की त्याच्या दोन्ही हातांत माझे चिमटे द्यायचे आणि दांडा फिरवायचा. माणूस किंचाळायचा, उडायचा, कधी रडायचाही. बाकीचे पोट धरून हसायचे. या खेळाला ते 'हजेरी' म्हणत. माणसं वाचवायला घडवलेला मी, माणसांना उडवण्यासाठी प्रसिद्ध झालो. मला फार लाज वाटायची, पण पेटीला तोंड नसतं.

काम झालं की दादू मला वायरींनीच धरून खांद्यावर टाकी. असं करता करता लाल वायरीतलं तांबं आतल्या आत तुटलं. वरचं रबर मात्र धड होतं. त्या दिवसापासून माझी वीज चिमट्यापर्यंत पोचेचना; चिमटे कुठेही लावा, काटा सरळ अनंतावर. कारखान्यातल्या साऱ्या मोटारी एका रात्रीत चांगल्या झाल्या! मॅनेजर खूश, दादू खूश. त्या दसऱ्याला मला पहिल्यांदा झेंडूची माळ मिळाली.

त्याच सुमारास डोंगरातल्या पाड्यावरून जिवल्या आणि त्याची बायको पारू कामाला आली. भात झोडून झालं होतं, पोटासाठी काहीतरी हवं होतं. दादूने जिवल्याला बोलावून चिमटे दिले.

"घट्ट धर रं."

दादू दांडा फिरवू लागला. जिवल्या तसाच उभा.

"काय वाटतं?"

"काय वाटायचं हाय? मी काय करू?"

दादूने घाम येईपर्यंत फिरवलं. जिवल्या भाबडेपणाने हसत राहिला. जरा अक्कल असलेल्याने म्हटलं असतं, वायर तुटली असेल. दादू म्हणाला, "आरं, ही डोंगरातली कातडी! यांना करंट लागतच नाय!"

सगळे हसले. काट्याकडे कुणीच बघितलं नाही. तो अनंतावर उभा राहून सांगत होता की या दोन चिमट्यांच्या मध्ये कुणीही नाही.

तेव्हापासून त्याचं नाव 'रबर' पडलं. आधी त्याला कान तुटलेल्या कपात, लांब बसवून चहा मिळायचा. आता हाक मारून जवळ बसवत, पाहुण्यांना दाखवत. हळूहळू त्यालाही ते खरं वाटू लागलं. मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो.

पुढच्या पावसाळ्यात रंगाच्या पाण्याचा हौद तुंबला. आतला पंप हलवायला दोघे उतरले आणि हाताला झिणझिण्या येतात म्हणून वर पळाले. दादूने माझे चिमटे पंपाला लावले. अनंत!

"पंप चांगला हाय. ही भितरी हायेत. रबरला उतरवा."

"नको उतरू," पारू म्हणाली.

"मला लागत नाय, तुला ठाव हाय ना?" जिवल्या ऐटीत म्हणाला आणि अनवाणी, कमरेएवढ्या लाल पाण्यात उतरला.

त्याने पंपाला हात लावला. हात सुटलाच नाही. त्याचं अंग थडथडू लागलं आणि वर उभे असलेले हसले. त्यांना वाटलं, रबर नकला करतोय. त्यांचं हसू थांबेपर्यंत जिवल्या मेला होता.

तपासणीला सरकारी साहेब आले. दादूने त्यांच्यासमोर पंप तपासून दाखवला. काटा अनंतावर. "बगा साहेब, पंपात दोष नाय. पिऊन उतरला असंल."

"तो पीत नव्हता," पारू पुढे आली. "त्याच्या हातात तुमी काय द्यायचात, ते मला द्या."

तिने चिमटे धरले. साहेबांनी मान हलवली, म्हणून दादूला दांडा फिरवावा लागला. पारूला काहीच झालं नाही.

दादू हसला. "बगा! यांच्या बायांनाबी लागत नाय!"

पारूने त्याच्याकडे पाहिलं. "मंग तो मेला कशानं?"

साहेबांनी तिच्या हातातले चिमटे घेतले, स्वतःच्या मुठीत धरले आणि म्हणाले, "फिरव." दादूने फिरवलं. साहेब होते तसे उभे राहिले. मग त्यांनी एकदा काट्याकडे पाहिलं आणि एकदा आपल्या गोऱ्या, मऊ हातांकडे.

संध्याकाळी मला नवी लाल वायर बसवली. काम चहा पिऊन होईपर्यंतचं. त्याच पंपाला चिमटे लावले आणि माझा काटा शून्यावर पडला. पारू तोवर जिवल्याला घेऊन पाड्याकडे गेली होती. हे तिला सांगायला कुणी गेलं नाही.

मित्रांनो, माझी जपणूक करा असं मी म्हणणार नाही, मी आता भंगारात आहे. एवढंच मागतो: अमक्याला दुखतच नाही, असं चार माणसं हसत हसत सांगू लागली, तर त्या अमक्याची कातडी बघत बसू नका. सांगणाऱ्यांच्या हातातली वायर आधी तपासा, आणि तो हौदात उतरायच्या आत तपासा.