मागे घोडे नसले की

मी एक जुनी गाडी आहे, मित्रांनो. अंगानं थोराड, रंगानं मातकट. पोटात सात माणसं बसतात आणि मागच्या लोखंडी गोळ्याला ट्रेलर अडकवला की दोन घोडेही येतात. आमच्या अमेरिकेतल्या वायोमिंगात अशा गाडीला कुणी फार मोठी म्हणत नाही. इथली अंतरंच मोठी.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. ठिणग्या, रंगाचा वास, एवढंच. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते ओडेल थॉर्सनच्या कुरणावर. घाटाच्या पायथ्याशी, रस्त्याच्या वळणावरच त्याचं फाटक होतं. उन्हाळा लागला की आम्ही घोडे डोंगरातल्या चराईला नेत असू आणि थंडीआधी खाली आणत असू. मागे एखाद्या घोड्यानं पाय बदलला तरी मला मणक्यात कळायचं. घाट चढून झाला की ओडेल थांबायचा. हातमोजा काढून ट्रेलरच्या एकेका चाकाच्या मध्यावर पालथा हात लावायचा. चाक तापलं असेल तर आत काही बिघडलं आहे, हे त्याला हातालाच समजे. शेवटी तो हात माझ्या बॉनेटवर येई. "दमलीस?" एवढंच विचारायचा. त्या एका शब्दावर मी पुढचा घाट चढत असे.

पुढे त्याची नजर मंदावली. एकदा पुलाचा कठडा घासला, तेव्हा त्यानं आपणहून चावी मर्लच्या हातात दिली. मर्लचा गावात जुन्या गाड्या विकण्याचा धंदा. निघताना ओडेलनं मागच्या गोळ्यावरून हात फिरवला, पण विचारलं काही नाही.

मर्लच्या कुंपणात मी बरेच दिवस उभी होते. गिऱ्हाईक यायचं, झिजून चकाकणारा गोळा बघायचं, "हिनं फार ओढलंय" म्हणायचं आणि पुढे जायचं. शेवटी मर्ल म्हणाला, "बर्फ पडेपर्यंत गेली नाही, तर हिचे भाग सुटे करून विकतो." मला सुटं होण्याची भीती नव्हती. त्याआधी एकदाही मागे घोडे येणार नाहीत, याची होती.

अशात लव्हॉन कुचेरा आली. साठीची बाई, बरोबर धाकटा भाऊ डुएन. तिची मुलगी फौजेत, दूर देशी. तीन नातवंडं आजीपाशी. लव्हॉनच्या पिकअपमध्ये दोघांपुरतीच जागा, आणि मुलांना घरी एकटं ठेवून घोड्या डोंगरात नेता येईनात. धड गाडी मिळाली नाही तर दोन्ही घोड्या विकायच्या, असं तिनं ठरवलं होतं.

डुएनला माझ्या शेजारची काळी गाडी आवडली. "हिचा मागचा गोळासुद्धा कोरा आहे बघ. आयुष्यात काही ओढलेलं नाही हिनं."

"म्हणजे तुझ्यासारखीच," लव्हॉन म्हणाली.

"अगं, पण दिसते कशी!"

"मला तिच्याशी लग्न लावायचं नाही, डुएन."

ती टॉर्च घेऊन माझ्याखाली शिरली. मग गिअरच्या तेलाची पट्टी काढून तिनं वास घेतला. तेल लाल होतं, जळकट वास नव्हता. ते तेल गार ठेवणारी जास्तीची जाळी ओडेलनं पुढे बसवली होती, तीही तिला दिसली.

"कुणाची ही?"

"ओडेलची," मर्ल म्हणाला.

"मग आधी बोलला का नाहीस?"

"लोक रंग बघायला येतात. म्हटलं, तूही त्यातलीच."

"ट्रेलर लावून घाटात नेते. दोन्ही गाड्या."

मर्लनं टोपी मागे सारली. "इथं सगळे रिकामीच फिरवून बघतात."

"रिकामी फिरवून मला काय कळणार? घोड्या आणल्यात मी."

आधी काळी गाडी गेली. पहिल्याच चढावर ओझ्यानं तिची शेपूट खाली बसली, इंजिनाच्या तापाचा काटा वर सरकला. दोघींतली म्हातारी घोडी ट्रेलरमध्ये लाथा झाडत परत आली. मग माझ्या गोळ्यावर ट्रेलर टेकला. किती दिवसांनी टेकला, मित्रांनो! घाटात म्हाताऱ्या घोडीनं एकदा पाय बदलला आणि ती स्वस्थ उभी राहिली. मला मणक्यात कळलं.

वर पोहोचल्यावर लव्हॉन उतरली. तिनं हातमोजा काढला. ट्रेलरच्या एकेका चाकाला पालथा हात लावत ती पुढे आली, आणि तो हात माझ्या बॉनेटवर थांबला.

"हीच," ती म्हणाली.

"दिसायला मात्र..."

"डुएन."

आता नातवंडं पोटात आणि घोड्या मागे घेऊन मी पुन्हा डोंगरात जाते. लव्हॉन तेल वेळेवर बदलते, हातही लावते. विचारत मात्र काही नाही. मित्रांनो, जुनी गाडी घ्याल तेव्हा तिच्यावर ओझं घालून बघा. आणि घाट चढल्यावर क्षणभर थांबून तिला हात लावा. आम्हाला दुसरं काही मागता येत नाही.

ओडेलच्या फाटकापाशी लव्हॉन वेग कमी करते. वळण आहे म्हणून करते, दुसरं काही नाही. कधी फाटकाशी तो बसलेला असतो. माझा आवाज आला की मान वर करून कान देतो. मला आपणहून हॉर्न वाजवता येत नाही. तोवर वळण संपतं.