पान चार हजार तीनशे अठरा

हसायचे असेल तर आधीच हसून घ्या मित्रांनो, कारण मी एक जुना नंबरी शिक्का आहे. नंबरी म्हणजे लबाड नव्हे हो! कागदांवर ओळीने आकडे मारणारा, वीतभर उंचीचा लोखंडी शिक्का. माझ्या पोटात सहा चाके आहेत आणि प्रत्येक चाकावर शून्यापासून नवापर्यंतचे आकडे कोरलेले आहेत. डोक्यावरची लाकडी मूठ दाबली की कागदावर आकडा उमटतो आणि मूठ वर येताना शेवटचे चाक एक घर पुढे सरकते. स्वस्थ बसणे माझ्या स्वभावातच नाही.

ज्या कारागिराने मला घडवले, तो कानाने काम करायचा. चाके बसवली की मला कानाशी धरून दाबायचा. आवाज जरा चुकला की सगळे उलगडून पुन्हा जुळवायचा. तीनदा त्याने मला खोलले. चौथ्यांदा म्हणाला, "आता बोलतोस बरोबर."

तिथून मी पाटबंधारे खात्याच्या कचेरीत आलो. तिथल्या जुन्या कागदांच्या खोलीत एक कारकून होते. त्यांना सगळे दप्तरकाका म्हणत. त्यांच्या हातात मी वर्षानुवर्षे ठकठक केली. मोठे साहेब पाहुण्यांना मुद्दाम ती खोली दाखवायचे आणि म्हणायचे, "आमच्याकडचा एक कागद हरवायचा नाही." मग संगणक आले. मला टाचण्या आणि वाळलेल्या गोंदाच्या बाटलीशेजारी खणात टाकले गेले. माझी शाई सुकली. मित्रांनो, अर्ध्यावर थांबलेल्या आकड्याला किती अवघडल्यासारखे होते, ते तुम्हाला कसे सांगू? खण उघडला की मला वाटे, आता आपली पाळी. पण हात टाचणी घेऊन परत जाई.

एका सकाळी कचेरीतले सगळे फोन एकदम वाजू लागले. धरणातून पाणी सोडले होते. पाणी सोडण्याआधी भोंगा तीनदा वाजवायचा असा नियम होता, म्हणजे नदीच्या पात्रातली माणसे काठावर चढतात. त्या दिवशी भोंगा वाजलाच नाही. पात्रात कपडे धुणाऱ्या बायका होत्या, मासे धरणारे होते, आईबरोबर आलेली मुले होती. एकोणीस माणसे गेली.

दुपारपर्यंत दोष कोणाचा ते सगळ्यांनी ठरवूनही टाकले होते. धरणावर भोंगा वाजवायला एक माणूस नेमलेला होता. तो भोंगेवाला झोपला असणार, असे एक जण म्हणाला आणि संध्याकाळपर्यंत तेच सगळ्यांच्या तोंडी झाले. त्याला कामावरून दूर केले गेले. तो सांगत राहिला, "भोंगा बंद होता, मी चिठ्ठी लिहून कळवलं होतं." पण चिठ्ठीची नक्कल त्याच्याजवळ नव्हती.

गेलेल्यांच्या घरची माणसे कचेरीच्या दारात बसून राहिली. शेवटी सरकारने एक स्वतंत्र चौकशी आयोग नेमला. स्वतंत्र म्हणजे आमच्या खात्याचे ऐकायला बांधील नसलेला. एक निवृत्त न्यायाधीश त्याचे प्रमुख झाले. पण सगळे कागद तर आमच्याच कपाटांत! ते शोधून आयोगाला देण्यासाठी कचेरीतच एक खोली वेगळी काढली आणि तिथे एका बाईंना अधिकारी म्हणून बसवले. नोकरी खात्याची आणि काम आयोगाचे, अशी त्यांची गत झाली. आठवड्याभरात त्यांच्याबरोबर डबा खायला कोणी येईनासे झाले.

न्यायाधीशांनी एक अट घातली. मूळ कागदांवर आधी शाईने आकडे पडले पाहिजेत, तेही दोघांच्या समक्ष, आणि मगच प्रती काढायच्या. म्हणजे मधलेच एखादे पान नाहीसे झाले तर कळेल.

"काका, आपल्याकडे तो नंबर मारायचा शिक्का होता ना?" बाईंनी विचारले.

"होता काय म्हणता? आहे!" दप्तरकाका म्हणाले आणि जवळजवळ धावतच खणाकडे आले.

त्यांनी मला तेल घातले, नवी शाई दिली आणि सगळी चाके शून्यावर आणली. त्यानंतर मला श्वास घ्यायला फुरसत मिळाली नाही. बाई पान उलटून मला दाबायच्या, मी आकडा मारायचो, काका वहीत टिपायचे. दोनशे बारा फाइली होत्या. धुळीने काकांना शिंका यायच्या. एक शिंक तर अशी आली की बाई दचकल्या आणि मी कागदाच्या कोपऱ्याऐवजी टेबलावरच उमटलो! बाईंनी लगेच तसा शेरा मोठ्याने म्हणत वहीत लिहिला, "आकडा क्रमांक नऊशे दोन टेबलावर पडला. कारण शिंक." कित्येक दिवसांत त्या पहिल्यांदा हसल्या.

मोठे साहेब मात्र दिवसातून दोनदा डोकावायचे. "अजून किती? अहो मॅडम, सगळा कचरा कशाला देताय? या विषयाशी संबंध आहे तेवढंच काढा ना."

"कशाचा संबंध आहे ते आयोग ठरवेल, साहेब."

"तुम्ही आमच्या आहात की त्यांच्या?"

बाई पुढचे पान उलटायच्या. पण साहेब गेले की माझ्या मुठीवरची त्यांची पकड घट्ट व्हायची. दारात पाऊल वाजले की आम्ही तिघेही दचकायचो.

चार हजार तीनशे सतरावा आकडा पडला आणि बाईंनी पान उलटले. वहीतून फाडलेला एक कागद होता. त्या मोठ्याने वाचू लागल्या. "भोंग्याची मोटर जळाली आहे. हाताने फिरवायचा भोंगा गंजून अडकला आहे. पाणी सोडायचे झाल्यास खालच्या लोकांना कळणार नाही. कृपया लवकर..."

"हीच ती चिठ्ठी!" काका उभेच राहिले. "बाई, बिचारा खरं बोलत होता! तारीख काय आहे?"

दुर्घटनेच्या सात महिने आधीची तारीख होती. पण बाईंचे डोळे कागदाच्या तळाशी गेले होते. त्या म्हणाल्या, "काका, खाली शेरा आहे. 'नस्तीबद्ध करावे.' " म्हणजे कागद फाइलीला लावून ठेवा, पुढे काही करायचे नाही. "आणि सही माझी आहे."

त्या सुमारास धरणाची कामे बघणारे अधिकारी रजेवर होते आणि दोन आठवडे त्यांचे टेबल बाईंकडे होते.

मी बाईंच्या हातात, कागदाच्या वर चार बोटे अधांतरी होतो. माझी चाके आतल्या आत खुळखुळत होती. दाबा, असे मला ओरडावेसे वाटत होते. नका दाबू, असेही वाटत होते. रोज मला मऊ कापडाने पुसणारा हात होता तो.

दप्तरकाकांनी चष्मा काढला. "मी जरा चहा सांगून येतो," ते खाली बघत म्हणाले. "मला काही दिसलं नाही, बाई. माझी नजर हल्ली अधू झालीय."

"काका, बसा." बाईंनी त्यांची खुर्ची पुढे ओढली. "आकडा पडताना दोघं हवेत. तुम्ही बघायला हवं."

काका बसले. त्यांनी चष्मा पुन्हा घातला. आणि बाईंनी मला दाबले, मित्रांनो, असे दाबले की खालच्या तीन पानांवर वळ उठले.

ती फाइल शेवटच्या पानापर्यंत पुरी करून त्याच दुपारी बाईंनी आयोगाला पत्र लिहिले. या प्रकरणात माझीच सही सापडली आहे, तेव्हा हे काम दुसऱ्या कोणाकडे द्यावे, असे त्यांनी काकांना वाचून दाखवले. मला त्यांनी काकांच्या हाती दिले आणि त्या खोलीबाहेर पडल्या.

साहेब तावातावाने आले. "स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला या बाईनं! आणि आता सगळ्या खात्याची अब्रू जाणार. ती फाइल द्या इकडे, मला बघायचीय."

"बघा ना, साहेब," काका अगदी शांतपणे म्हणाले. "पण त्या पानावर चार हजार तीनशे अठरा पडलाय. मागच्यावर सतरा आहे, पुढच्यावर एकोणीस. आणि वहीत मी टिपलंय."

साहेबांनी फाइल हातात धरली. पाने चाळली. मग ती टेबलावर ठेवून ते निघून गेले. काकांनी फाइल पुन्हा जवळ ओढून घेतली.

सुनावणीला मलाही नेले होते, कारण लोक आणतील त्या कागदांवरही आकडे पडायला हवे होते. दिवाणखान्यासारखी मोठी खोली माणसांनी गच्च भरली होती. भोंगेवाला उभा राहिला. मान खाली घालून तो म्हणाला, "मी चिठ्ठी दिली होती, साहेब. पण माझं कोण ऐकणार?"

न्यायाधीशांनी पान चार हजार तीनशे अठरा मागवले आणि संपूर्ण वाचून दाखवले. भोंगेवाल्याने तोंडावर दोन्ही हात घेतले.

नंतर बाईंना बोलावले गेले.

"ही सही तुमची?"

"हो."

"चिठ्ठी वाचल्यावर तुम्हाला धोका जाणवला नाही?"

"मी ती वाचली नव्हती," बाई म्हणाल्या. "त्या दिवशी टेबलावर ढीग होता. मी सही केली."

मागच्या बाकावरून एका बाईचा हुंदका आला. तिचा मुलगा आणि जाऊ, दोघेही त्या पाण्यात गेले होते.

अहवाल आला. भोंगेवाला सन्मानाने कामावर परतला. चिठ्ठ्या खाली अडकून राहतात अशी पद्धत चालू ठेवल्याबद्दल साहेबांवर आणि त्यांच्या वरच्यांवरही ठपका आला. बाईंवरही आला. त्यांची दूर बदली झाली. निघण्याच्या दिवशी कचेरीच्या जिन्यात त्यांना भोंगेवाला भेटला. काका मला घेऊन मागेच उभे होते.

"बाई," तो म्हणाला, "तेव्हा वाचलं असतंत तर..."

"हो," बाई म्हणाल्या. तेवढेच. तो बाजूला झाला आणि त्यांची जड पिशवी उचलून खाली फाटकापर्यंत घेऊन गेला.

आता मी काचेच्या कपाटात आहे. काका निवृत्त झाले. मला पुसायला कोणी येत नाही, माझ्या चाकांवर गंज धरू लागला आहे, आणि अजूनही एखाद्या खोलीत कागद सळसळला की माझा जीव वरखाली होतो. त्या कागदात काय असेल? तो कोणी बघितला असेल का? पण माझी काळजी घ्या, असे मी म्हणणार नाही. उद्या तुम्ही मोठे व्हाल. कोणीतरी साधा माणूस वाकड्यातिकड्या अक्षरांत काहीतरी लिहून तुमच्या हातात देईल. तुम्ही दमलेले असाल, समोर ढीग असेल. तरी तो कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. मी हजारो पानांवर टेकलो, पण मला एक अक्षर वाचता येत नाही, मित्रांनो. तुम्हाला येते.